खिशातला अडॅप्टर

सून सकाळी पावणेसातला ड्यूटीवर निघायची आणि आठ वाजता नातीची शाळा आमच्या समोरच्या खोलीत, शिलाई मशीनवर भरायची. मशीन माझ्या बायकोचं. ती जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मशीनवर झाकण घातलं की त्यावर मोबाइल, वही आणि पाण्याची बाटली एवढं बरोबर मावत असे. मोबाइल उभा राहावा म्हणून मागे तुरीच्या डाळीचा डबा ठेवायचो. डबा भरलेला लागे, रिकामा असला तर घसरायचा. हे मी शोधून काढलं होतं आणि नातीच्या शाळेत माझा तेवढाच हातभार होता.

कोरोनाचं वर्ष. शाळा बंद, नात चौथीत. मुलगा कंपनीच्या कामावर ओडिशातल्या एका वीजघराच्या साइटवर गेला होता, तो तिकडेच अडकला. सून भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या दवाखान्यात नर्स, म्हणजे त्या दिवसांत तिला सुट्टी मागायचीसुद्धा सोय नव्हती. तेव्हा सकाळपासून दुपारी तीनपर्यंत पोरगी माझ्या ताब्यात. पहिल्याच दिवशी सून म्हणाली होती, "बाबा, तुम्हाला शिकवायचं काही नाही. ती क्लासमध्ये बसली आहे ना, एवढंच पाहा."

एवढं पाहणंच मला जमत नव्हतं. पोरगी मशीनपुढे बसलेली दिसायची, पण ती क्लासमध्ये आहे की आणखी कुठे, हे पडद्याकडे बघून कळायचं नाही. पडद्यावर कधी बाईंचा चेहरा, कधी तीस-पस्तीस चौकटी, कधी नुसता पांढरा फळा. मध्येच ती बोटानं काहीतरी सरकवायची आणि भलतंच काही यायचं. मी विचारलं, "काय करून राहिली?" तर ती म्हणे, "क्लास चालू आहे ना आबा. दोन्ही चालू आहे."

दोन्ही म्हणजे काय, हे विचारायची मला लाज वाटे.

माझ्या लाजेचं कारण सांगायला हवं. मी आठवीपर्यंत शिकलो. वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव. नववीची शाळा तिथून आठ कोसांवर. घरात सायकल एक, ती थोरल्या भावाच्या कामाला लागायची. माझं कोणी शिक्षण थांबवलं असं नाही, ते आपोआप थांबलं. मामा सरकारी कचेरीत कारकून. छप्पन साली राज्यं नव्यानं आखली तेव्हा नागपूरची कचेरी भोपाळला आली आणि तिच्याबरोबर तेही आले. ते तिथल्या कोटरा सुल्तानाबाद वस्तीत राहायचे. त्यांनी मला बोलावून घेतलं. दोन वर्षं गोविंदपुऱ्यात एका छोट्या कारखान्यात पंख्यांच्या मोटारी भरल्या, मग मोठ्या कारखान्यात खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागलो आणि वाइंडिंगमध्ये, मोटारींवर तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता, निवृत्त झालो. या शहरानं मला क्वार्टर दिलं, मुलाला शाळा दिली आणि आता मुलाच्या नावावरच्या क्वार्टरमध्ये म्हातारपणही दिलं. मी तक्रार करत नाही. फक्त कोणी हातात कागद दिला की मला अजून घाम येतो.

आणि नागपूरला विहीणबाई होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. त्या रोज संध्याकाळी व्हिडिओवर यायच्या आणि नातीशी बोलून झालं की मलाही विचारायच्या, "काय म्हणते आमची विद्यार्थिनी? आज काय झालं वर्गात?" मी म्हणायचो, "ते ऑनलाइन असतं ना." त्या हसायच्या. मग सुनेला सांगायच्या, "अगं पाठवून दे इकडे. मी बसते तिच्याजवळ. त्यांनाही बिचाऱ्यांना आराम." सून म्हणायची, "बघू. गाड्या नीट सुरू झाल्या की बघू."

यात वावगं काही नव्हतं. विहीणबाईंच्या घरी पुस्तकांची दोन कपाटं होती. माझ्याकडे डाळीचा डबा होता. मला ते पटतही होतं, आणि ते 'बघू' ऐकलं की जेवण जात नव्हतं. पोरगी गेली तर या घरात दिवसभर मी आणि पंखा.

म्हणून मी जास्तच कडक झालो. क्लास संपला की मोबाइल बंद. डोळे जातील, मान जाईल, सवय लागेल. टाउनशिपमधल्या आम्हा निवृत्त लोकांचं सकाळचं फिरणं अंतर ठेवून का होईना पुन्हा सुरू झालं होतं आणि तिथे विषय एकच. एक जण म्हणायचे, "मेरा पोता तो बाथरूम में भी ले जाता है." दुसरे म्हणायचे, "हमारे टाइम में भोंपू बजता था, सब बंद. इनका भोंपू ही नहीं बजता." हे मला फार पटलं. आम्हाला भोंग्यावर उठवलं, भोंग्यावर बसवलं. या पोरांचं काम कधी सुरू झालं आणि कधी संपलं, कळायला मार्ग नाही.

त्या दिवशी क्लास सव्वाअकराला संपला. बाईंनी "बाय बच्चों" म्हटलेलं मी स्वयंपाकघरातून ऐकलं. पाच मिनिटांनी बाहेर आलो तर मोबाइल चालूच. पडद्यावर एकच चौकट आणि तिच्यात एक मुलगी मान खाली घालून वहीत काहीतरी रंगवते आहे. इकडे आमचीही मान खाली घालून रंगवते आहे. दोघींपैकी कोणी बोलत नव्हतं.

"क्लास झाला ना?"

"हो."

"मग ही कोण?"

"फ्रेंड आहे."

"ती काही बोलत नाही."

"हो ना," ती म्हणाली आणि निळा रंग शोधू लागली.

मी दहा मिनिटं उभं राहून पाहिलं. एक शब्द नाही. मला वाटलं, नुसता वारा जावा तसं नेट फुकट जातं आहे आणि डोळेही. दोनदा सांगितलं, "बंद कर." ती दोनदा म्हणाली, "हाँ आबा, करते." मला औषधाच्या रांगेला जायचं होतं. निवृत्तांच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या त्या आठवड्यात साडेअकरापासून मिळत होत्या. मी गेल्यावर ही उठणार नाही हे उघड होतं.

इथे मी एक गोष्ट केली, ती माझ्या हातानं केली. कारखान्यात माझे एक उस्ताद होते, भोपाळचेच, जुन्या शहरातले. त्यांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते वाइंडिंग नव्हतं. ते हे होतं, की कुठल्याही मशीनला हात लावायचा तर आधी फ्यूज काढायचा आणि तो टेबलावर नाही, कपाटात नाही, आपल्या खिशात ठेवायचा. फ्यूज तुमच्या खिशात असेल तर जगात कोणी ते मशीन सुरू करू शकत नाही. चाळीस वर्षं मी ते केलं. घरी कपडे धुवायला टाकताना बायको माझ्या खिशातून फ्यूज काढायची आणि म्हणायची, "आणला का आज पण कारखाना घरी?"

वायफायचा डबा दाराजवळ वर लावला होता. मी स्टुलावर चढलो, त्याचा अडॅप्टर काढला, शर्टाच्या खिशात टाकला, मास्क लावला आणि गेलो.

रांग लांब होती. जमिनीवर चुन्याचे गोल काढलेले, त्या गोलांत उभं राहून पुढे सरकायचं. मला यायला पाऊण वाजला.

नात दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. मोबाइल मांडीवर. मी चप्पल काढायच्या आत तिनं हात पुढे केला.

"अडॅप्टर द्या."

मी दिला. तिनं चढून लावला, डब्यावरचे दिवे एकेक करून लागेपर्यंत पाहत राहिली, मग मोबाइल बघितला. थोडं वर सरकवलं, थोडं खाली.

"हो गया," ती म्हणाली. "संपलं."

बारा वाजता पर्यावरणाची तोंडी परीक्षा होती. रोल नंबरनं एकेकाला बोलवत होते. ती आणि ती रंगवणारी मुलगी आपापल्या नंबरची वाट बघत बसल्या होत्या, आणि बाईंना दाखवायचं पाण्याचं चित्र पुरं करत होत्या.

"मला सांगायचं नाही का?"

"ग्रुपवर आलं होतं ना काल."

"मी कुठे आहे तुमच्या ग्रुपवर?"

ती माझ्याकडे बघत राहिली. हा विचार तिच्या डोक्यात कधी आलाच नव्हता असं मला तिच्या तोंडावरून दिसलं. ग्रुपवर आलं म्हणजे ते घरात सगळ्यांना कळलं, अशी तिची समजूत. उद्या पाणी येणार नाही हे जसं सगळ्यांना ठाऊक असतं, तसं.

मी म्हटलं, "शेजारी जायचं होतंस."

"मम्मीने बोला है, किसी के घर नहीं जाना."

तेही खरं होतं. तिच्या मोबाइलमध्ये सिम नव्हतं, तो वायफायवरच चालायचा. माझ्याकडे बटणांचा फोन, तोही माझ्याच खिशात. पोरीला घरात कोंडून, सगळ्या वाटा बंद करून मी गोळ्या आणायला गेलो होतो.

सून तीन वाजता आली. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे मागच्या दारानं, आधी अंघोळ, कपडे बादलीत, मग घरात. ओले केस बांधत बाहेर आली ती हातात फोन घेऊनच.

"तोंडीला अ‍ॅबसेंट? शाळेचा मेसेज आहे."

मी तोंड उघडण्याआधी नात म्हणाली, "नेट गेलं होतं."

"कोणाचं? खालच्या ब्लॉकमधली तुझी मैत्रीण तर हजर होती. तिच्या आईनं आत्ता सांगितलं मला."

"आपलंच गेलं होतं. कभी कभी जाता है ना, मम्मी."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. "हो का बाबा?"

मी म्हणालो, "हो."

एवढासा शब्द. पोरगी वहीत बघत होती. ती माझ्यासाठी खोटं बोलली हे मला कळलं, आणि का बोलली हेही. नागपूरचं 'बघू' ती पण ऐकत होती. मी समजत होतो की कानात ते इअरफोनचे बोळे घातल्यावर तिला घरातलं काही ऐकू येत नाही.

सून खुर्चीवर बसली. रागावली नाही. दमलेली होती. म्हणाली, "मग झालंच. इथलं नेट असं आणि समोर वार्षिक. आईकडे फायबर आहे, आई स्वतः आहे. पुढच्या आठवड्यात आमच्या दवाखान्याची एक गाडी नागपूरला जाते आहे, सामान आणायला. त्यातच सोडते हिला."

नातीनं मान वर केली. तिनं नेटवर ढकललं होतं ते मला वाचवायला आणि इथे राहायला. ते उलटं पडलं. आता खरं सांगायचं तर दोष माझ्यावर येणार होता, आणि असल्या माणसाजवळ पोरगी ठेवायची कशाला, हे तर त्याहून सरळ होतं. नेट खराब म्हणा नाहीतर आजोबा खराब म्हणा, गाडी नागपूरलाच जाणार होती. मी चहा टाकायला म्हणून आत गेलो आणि आधण उकळून उकळून अर्धं झालं.

उस्तादांच्या शिकवणीचा दुसरा भाग मला तिथे, गॅसपाशी आठवला. फ्यूज खिशात घालायचा, पण त्या आधी मशीनवर पाटी टांगायची: काम चालू आहे, आणि खाली आपलं नाव. पाटी न टांगता फ्यूज नेणाऱ्याला उस्ताद चोर म्हणायचे. "मिस्त्री नहीं, चोर." मी अर्धंच काम केलं होतं.

चहाचा कप सुनेपुढे ठेवला आणि सांगितलं. अडॅप्टर मी काढला, खिशात होता, नेट व्यवस्थित होतं, मी मघा खोटं बोललो. पोरीची काही चूक नाही.

तिनं दाराजवळच्या डब्यावरचे दिवे पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे नेट चांगलं आहे."

"हो."

"मग त्याची तक्रार नाही करत मी." आणि नातीकडे वळून, "आणि तू गं? तोंड किती सफाईनं चाललं तुझं."

नात म्हणाली, "तुम आबा को डाँटती ना."

"मग? तुला डाँटते ते चालतं?"

"मुझे आदत है."

सून हसली नाही, पण कप उचलला. मग मला म्हणाली, "तिच्या मॅडमला तुम्ही सांगा. मी फोन करणार नाही. जे झालं ते तुमच्याच तोंडून जाऊ द्या."

मला वाटतं, तिनं नागपूरची गाडी आजच बोलावली असती तरी मी इतका घाबरलो नसतो. आठवी सोडल्यापासून कुठल्या बाईंपुढे किंवा गुरुजींपुढे उभा राहिलो नव्हतो. मुलाच्या शाळेत सगळं त्याची आई करायची. नातीनं मेसेज केला, तर बाईंनी पाच वाजता व्हिडिओवर यायला सांगितलं. मी इस्त्रीचा शर्ट काढला. नात म्हणाली, "आबा, शर्ट पुरे. खाली पायजमा चालतो. सगळे तेच करतात."

बाई माझ्या मुलापेक्षा लहान दिसत होत्या. मागे त्यांच्या घरातलं कोणी तरी भांडी लावत होतं. मी उभाच होतो. नातीनं खाली ओढून बसवलं, कारण पडद्यावर नुसतं पोट दिसत होतं.

मी म्हटलं, "मैडम, बच्ची की गलती नहीं है. तार मैंने निकाला था. मैं समझा, खेल रही है."

बाई म्हणाल्या, "दादाजी, मेरी क्लास में एक दादीजी हैं, वो रोज बीच में आकर मुझे नमस्ते करती हैं और पूछती हैं, बेटा खाना खाया? आपने तो एक ही बार तार निकाला है." मग त्यांनी वही उघडली. "कल सवा आठ बजे ले लूँगी. पर आप ग्रुप में क्यों नहीं हैं? घर पे तो आप रहते हैं."

"मैं कम पढ़ा हूँ, मैडम."

"ग्रुप के लिए कौन सी डिग्री लगती है?"

नात तोंडावर हात धरून हसत होती.

परीक्षा दुसऱ्या दिवशी झाली. ती पाण्याबद्दल दोन मिनिटं बोलली, मी डाळीच्या डब्याच्या मागे, पडद्यात दिसणार नाही असा बसलो होतो. संध्याकाळी सुनेनं मुलाचा जुना फोन कपाटातून काढला, मला दिला आणि नातीला म्हणाली, "शिकव यांना. आणि रागवायचं नाही."

ती रागवायची. पण ज्यावर मी अडायचो ते तिला कळतच नव्हतं. "दाबा ना आबा." "दाबलं आणि काही बिघडलं तर?" "नाही बिघडत. चुकलं तर मागे या." मागे या, मागे या, दिवसातून पन्नास वेळा. मी आयुष्यभर ज्या कामावर होतो तिथे मागे येता येत नाही. तांब्याचा एक फेरा चुकला तर कापावं लागतं, आणि कापलेलं तांबं साहेबांना दाखवावं लागतं. मी तिला बेफिकीर समजत होतो. ती दाबून बघत होती, काय होतं ते. आम्ही आधी विचारायचो, मग हात लावायचो. ही आधी हात लावते, मग विचारते, आणि बहुतेक वेळा विचारायची गरज पडत नाही. हे सगळं चांगलंच आहे असं मी म्हणत नाही. तिला अजून स्वतःच्या आईचा नंबर पाठ नाही. पण ती चुकायला घाबरत नाही, आणि मी घाबरतो, हा फरक मला त्या आठवड्यात प्रथम दिसला.

एकदा विचारलं, "त्या दिवशी तुम्ही दोघी बोलत का नव्हतात?"

"काय बोलायचं?"

"मग फोन कशाला चालू?"

"ती होती ना तिथे," ती म्हणाली. माझ्या प्रश्नात तिला काही प्रश्न दिसला नाही. मी उस्तादांशेजारी बसून आठ-आठ तास एक शब्द न बोलता काम केलं आहे. त्याला कोणी वेळ घालवणं म्हटलं नाही. आम्हाला त्याचा पगार मिळायचा.

नागपूरची गाडी गेली त्या सकाळी मी लवकर उठून बसलो होतो. नातीची बॅग कोणी भरली नव्हती, पण मला खात्री वाटत नव्हती. मग स्वयंपाकघरातून सुनेचं बोलणं ऐकू आलं. "नाही आई, आत्ता नको. वार्षिक होऊ दे... हो, बाबा आहेत ना... नाही, ग्रुपवर आहेत ते आता. हो, ते स्वतः."

वार्षिक होऊ दे. मी ते शब्द धरून ठेवले. त्याच्या पुढे काय, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हिवाळा गेला. मधल्या काळात आणखी दोनदा नेट खरंच गेलं आणि दोन्ही वेळा सुनेनं आधी माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं, ते मला दिसलं. वार्षिक परीक्षा मोबाइलवरच झाली. मुलगा साइटवरून आला, पंधरा दिवस राहिला, परत गेला. विहीणबाई व्हिडिओवर यायच्या आणि नातीनं त्यांना माझे मेसेज दाखवले होते, त्यातल्या चुका त्या प्रेमानं दुरुस्त करायच्या. नागपूरचा विषय कोणी काढत नव्हतं. विसरले होते की माझ्यासमोर टाळत होते, मला अजून माहीत नाही.

मार्चअखेर ग्रुपवर आलं की पाचवीची पुस्तकं शाळेत मिळतील, पालकांनी दहा ते बारा यावं. ते मी वाचलं, सुनेच्या आधी. मास्क लावून मीच गेलो आणि घेऊन आलो. दोन दिवस पुस्तकं टेबलावर तशीच होती. मी वाट पाहिली, कोणी नागपूरचं काही काढतं का. तिसऱ्या दिवशी दुपारी खाकी कागद आणि कात्री घेतली आणि कव्हरं घालायला बसलो. सून ड्यूटीवरून आली, मागच्या दारानं, अंघोळ करून बाहेर आली तेव्हा माझी चार झाली होती. तिनं पाहिलं. मग शेजारी बसून पाचवं ओढून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, कोपरे नीट दुमडा. हिच्या हातात एक महिना टिकत नाहीत."